आखाजीनंतरचा सामना

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाच वाजता उखर्डू सरावाला आला नाही.

दिगंबरनं आधी त्याची फिकीर केली नाही. काल अक्षय्य तृतीयेचा सण होता. पुरणपोळी आणि आमरस अंगावर आला असेल, कुठल्यातरी झाडाखाली ताणून दिली असेल. त्यानं चेंडूची वादी आवळली, अंगठ्यानं दाबून पाहिला आणि फोपनार गावाच्या नदीकडच्या पडीक रानात उभा राहून वाट पाहिली. मग त्याच्या लक्षात आलं की सुकदेवही नाही, आणि डाव्या बाजूला खेळणारे दोघे भाऊही नाहीत. जे आले होते ते एकमेकांकडे बघत होते, त्याच्याकडे नाही.

"कुठं गेले बाकीचे?" त्यानं निंबाला विचारलं. निंबा गोल सांभाळायचा. अंगानं रुंद, तोंडानं मोकळा, घरची थोडी जमीन असलेला गडी.

"गेले ना मास्तर. आखाजी झाली."

"आखाजी काल झाली. आज का नाही आले?"

"आता यायचेच नाहीत. सुकदेव रावेराकडे लागला. ते दोघे भाऊ कुठी गेले, त्यांच्या मायला तरी माहीत आहे की नाही कोण जाणे." निंबानं पायानं एक ढेकूळ फोडलं. "अन् उखर्डू जसोंडीला लागला. पाटलाकडे."

जसोंडी म्हणजे येत्या रविवारच्या सामन्यातला समोरचा संघ.

 दिगंबरनं चेंडू खाली ठेवला आणि जे आले होते त्यांना पळायला सांगितलं. ते पळाले. तो बघत राहिला, पण त्याला कोण पुढे आणि कोण मागे, काही दिसलं नाही.

तापीकाठच्या कुठल्याही पोराला ठाऊक असलेली गोष्ट त्याला ठाऊक नव्हती, असं म्हणता येणार नाही. सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. वर्षभर एका घरची बैलं राखणारा माणूस त्या दिवशी हिशेब मिटवतो, चिलीम ओढतो आणि पटलं नाही तर घोंगडी खांद्यावर टाकून दुसऱ्या गावच्या दुसऱ्या मालकाकडे जातो. दिगंबरनं हे लहानपणापासून ऐकलं होतं. पण तो बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यातल्या दुकानदाराच्या घरात वाढला होता, नंतरची सगळी वर्षं रेल्वेच्या चाळीत गेली होती, आणि त्याचे खेळाडू हे कोणाचे तरी सालदार आहेत, ही गोष्ट त्याच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. त्याच्या लेखी ते फॉरवर्ड होते, हाफ होते, बॅक होते. रेल्वेच्या लोको शेडमध्ये असंच असायचं. माणूस एकदा संघात आला की हाडं मोडेपर्यंत संघात.

सामन्याची तारीख त्यानंच मागितली होती. सणाआधी पोरांचं लक्ष नसतं, सणानंतर ठेवू या, असं तो सामना भरवणाऱ्या मोतीलाल शेठना म्हणाला होता. आणि नियमही त्यानंच घालायला लावला होता. गेल्या वर्षी जसोंडीवाल्यांनी बऱ्हाणपूरच्या गिरणीतले दोन तयार गडी आणून उभे केले होते आणि प्याला नेला होता. म्हणून या वर्षी जो ज्या गावात कामाला, तो त्याच गावाकडून खेळेल. शेठनी ते दोन्ही गावच्या पाटलांसमोर वाचून दाखवलं होतं, तेव्हा दिगंबर मनातून फुशारला होता.

१९३३ सालचा तो उन्हाळा होता. दिगंबरला रेल्वे सोडून, म्हणजे रेल्वेनं त्याला सोडून, दोन वर्षं झाली होती.

भुसावळच्या लोको शेडच्या संघात तो सेंटर हाफ होता. त्या जागेवरचा माणूस मैदानाच्या मधोमध उभा असतो आणि सगळा खेळ त्याच्यावरून जातो. साहेबांचा संघ बूट घालून यायचा, शेडचा संघ अनवाणी. दिगंबरच्या नडग्यांवर त्या बुटांच्या खुणा अजून होत्या, आणि साहेबांच्या गोलात त्याने मारलेल्या चेंडूंची आठवण अजून काही लोकांना होती. जबलपूर, झाशी, मुंबई, रेल्वे जिथे जिथे जाई तिथे तिथे तो खेळून आला होता. तो रुळाशेजारून चालताना दिसला की ओळखीचे ड्रायव्हर शिट्टी देत. मग मुंबईच्या चिखलात उजवा गुडघा गेला. त्यानंतरही त्यानं दोन हंगाम रेटले, कारण शेडच्या साहेबाला खेळाचं वेड होतं. साहेब बदलून गेला, पाठोपाठ कपात आली, आणि बोलावून काहीच न सांगता त्याची रेल्वेच्या चाळीतली खोली दुसऱ्याला दिली गेली.

बऱ्हाणपूरला मोतीलाल शेठच्या जिनात त्याला काम मिळालं. कापसाच्या गाड्या ओळीनं वजनाच्या काट्यावर लावायच्या. कापूस आहे तोवर काम. शेठची केळीची बाग फोपनारला होती, आणि जसोंडीचा पाटील आपला कापूस दुसऱ्या जिनाला घालायचा. त्या दोन गोष्टींमधून चांदीचा प्याला आणि फुटबॉलचा सामना कसा निघाला, हे शेठनाच ठाऊक. त्यांनी दिगंबरला बोलावून फोपनारचा संघ तयार करायला सांगितला.

पहिल्या दिवशी कौतिकनं, म्हणजे पुढे जो कप्तान झाला त्यानं, विचारलं होतं, "एवढ्या जणांत एकच बॉल? शेठला सांगा ना मास्तर, प्रत्येकाला एकेक द्या. भांडण तरी मिटेल."

दिगंबर तेव्हा हसला नव्हता. आता कधीकधी एकटा असताना त्याला ते आठवून हसू यायचं.

एकटा तर तो रोजच असे. जिनाच्या काट्याशेजारी पत्र्याची टपरी होती, तिथे त्याची वळकटी. सोजरबाई नावाची एक म्हातारी दोन वेळच्या भाकऱ्या आणून ठेवी. ती बहिरी होती, त्यामुळे बोलणं असं होत नसे. बऱ्हाणपूरचं लालबाग स्टेशन जवळच होतं. गाड्यांचे आवाज येत. पण शिट्टी देणारे ड्रायव्हर आता निवृत्त झाले होते किंवा दुसरीकडे गेले होते.

त्याची बायको मंगला भुसावळला भावाकडे होती. राजपुऱ्यात दिगंबरचा थोरला भाऊ अनंत राहत असे, त्या घरी मंगलानं सुरुवातीला काही महिने काढले होते. पुन्हा तिथे नाही, असं ती एकदाच म्हणाली होती आणि त्यानं पुन्हा विचारलं नव्हतं. तिचा भाऊ श्रीकांत रेल्वेच्या ऑफिसात कारकून. होळीनंतर दिगंबर भेटायला गेला तेव्हा श्रीकांतची झाशीला बदली झाल्याचं कळलं.

"मला घेऊन चालले आहेत," मंगला म्हणाली. ती तांदूळ निवडत होती.

"शेठ म्हणाले आहेत, प्याला फोपनारला आला की पावसाळाभर ठेवतो. बारमाही. आणि जिनाच्या मागची खोली देतो, चुलीसकट."

"आणि नाही आला तर?"

"येईल. उखर्डू आहे."

"हा उखर्डू कोण, मला पाहायचा आहे एकदा. माझं बिऱ्हाड त्याच्या पायावर आहे." ती हसली नाही, पण चिडलीही नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "आखाजीनंतरच्या गुरुवारी आम्ही निघतो. गाडी लालबागला थांबते. तुम्ही फलाटावर या. जागा झाली असेल तर माझी पेटी उतरवून घ्या. झाली नसेल तर नुसतं भेटून जा. दादांसमोर काही बोलू नका. मला तुमच्या तोंडाकडे बघून कळेल."

तर शुक्रवारी संध्याकाळी फोपनारच्या पडीक रानात दिगंबरसमोर जे उभं होतं, ते हे होतं.

शनिवारी सकाळी त्यानं जिनाची सायकल घेतली. उजवा गुडघा वाकत नसल्यामुळे तो एकाच पायानं पायडल मारी, दुसरा नुसता लटकत असे. जसोंडीला पोचेपर्यंत उन्हं चढली होती.

पाटलाच्या गोठ्यामागे उखर्डू गाडीच्या कण्याला वंगण लावत होता. त्यानं हात धोतराला पुसले आणि उभा राहिला.

"या मास्तर. बसा. खाट आहे."

खाट आहे, हे त्यानं अशा सुरात सांगितलं की दिगंबरला तिच्याकडे बघावंच लागलं. नव्या सुतळीची होती. गोठ्याला टेकून एक छपरी, आत चूल, चुलीशी उखर्डूची बायको मालूबाई. तिनं पदर सारखा करून तांब्या आणून ठेवला.

"न सांगता आलास," दिगंबर म्हणाला.

"सांगणार होतो. पण तुम्ही म्हटलं असतं, रविवार होऊ दे. अन् मी थांबलो असतो. अन् पाटलानं दुसरा गडी ठेवला असता." उखर्डू खाली बसला. "आखाजीचा दिवस गेला की गेला मास्तर. मग वर्षभर आहे तिथंच."

"पाटलानं तुला बॉलसाठी घेतलं?"

"बैलांसाठी घेतलं. पण काल मले विचारून राहिले होते, पायाची नखं काढलीस का म्हणे. म्हंजे त्यांच्या ध्यानात आहे."

"कौतिकच्या घरी सालदार होतास, तिथं काय कमी होतं?"

उखर्डूनं बायकोकडे पाहिलं. उत्तर तिनंच दिलं.

"माझं माहेर हेच गाव. माझी माय आंधळी, तिला सोडून मी फोपनारला जाणार कशी? अन् तिथं यांना गोठ्यात निजायला लावायचे, तिथं बाईमाणसाला जागा कुठी? अमावस्येला बैलांना सुटी, तेव्हा हे यायचे. महिन्यातून एक रात्र. चांदणंसुद्धा नाही." ती चुलीकडे वळली. "आता रोज आहेत. तर रात्री झोपेत लाथा मारतात. म्हटलं, हेच शिकवलं का मास्तरनी."

उखर्डू लाजला. दिगंबर पाणी प्यायला. तांब्या लखलखीत घासलेला होता.

"मास्तर," उखर्डू खालच्या आवाजात म्हणाला, "तुम्ही कशासाठी आले, मले समजलं. खेळू नको म्हणा, मी नाही खेळत. पायात काटा मोडला म्हणून सांगतो. इथं बाभळी मायंदळ आहेत, कोणी शंका घेणार नाही."

येताना वाटभर दिगंबरनं नेमकं हेच वाक्य जुळवलं होतं. फक्त त्याच्या वाक्यात काट्याऐवजी मुरगळलेला घोटा होता. आता ते त्याला म्हणावंही लागणार नव्हतं. नुसती मान हलवायची होती.

त्यानं खाटेची सुतळी बोटानं चाचपली. छपरीच्या कडेला दोन लुगडी वाळत होती आणि त्यांच्या शेजारी उखर्डूचं धोतर.

"पाटलाला कळलं तर?" त्यानं विचारलं.

"कळलं तर काय. नवा गडी पहिल्याच आठवड्यात खोटं बोलला, एवढंच." उखर्डूनं खांदे उडवले. "हाकलतील, नाहीतर ठेवतील."

मालूबाईनं पाठ फिरवलेलीच होती, पण तिचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता.

"खेळ," दिगंबर म्हणाला.

तो उठला, सायकल वळवली, आणि मग सायकल हातात धरूनच मागे बघून म्हणाला, "डाव्या पायानं मारायच्या आधी तू मान खाली घालतोस. किती वेळा सांगितलं. निंबाला ते पाठ आहे. गोलाकडे बघत मार."

परतताना एके ठिकाणी तो उतरून बांधावर बसला. गुडघा दुखत होता हे खरं. पण तो बराच वेळ तिथेच बसून राहिला, ते काही गुडघ्यासाठी नव्हे.

रविवारी जिनाशेजारच्या मोकळ्या मैदानावर दोन्ही गावं लोटली. बायका भिंतीच्या सावलीत, पुरुष बैलगाड्यांवर. शेठ खुर्चीवर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर प्याला होता.

सालदार जातात तसे येतातही. फोपनारलाही नवे आले होते. त्यांतले दोघे दिगंबरनं आदल्या संध्याकाळी पकडून उभे केले होते. एक असीरगडाकडचा, उंच आणि मुका वाटावा इतका शांत. दुसरा चेंडू आपल्याकडे आला की अदबीनं बाजूला सरकून त्याला वाट द्यायचा.

"अरे, पाटलीणबाई नाही ती!" कौतिक ओरडला. "अडव तिला!"

बैलगाड्यांवरून हशा उठला. पण असीरगडवाल्यानं पुढे काय केलं, ते कोणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. कौतिकनं मारलेला चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला आणि बांबूंच्या मधून आत गेला. फोपनारचा एक गोल झाला. त्या माणसानं इकडेतिकडे पाहिलं, आपलं काही चुकलं का या काळजीनं. जसोंडीनं तो गोल मध्यंतराआधी फेडला.

नंतर बराच वेळ दोन्हीकडून नुसती धूळ उडत राहिली. दिगंबर रेषेवर उभा होता. मैदानाचा मधला भाग त्याला रिकामा दिसत होता. तिथे कोणी चेंडू थांबवत नव्हतं, मान वर करून बघत नव्हतं. आपण आत जावं, असं त्याच्या पायांना वाटलं आणि त्याच क्षणी उजव्या पायानं आठवण करून दिली.

सूर्य जिनाच्या धुराड्यामागे गेला तेव्हा चेंडू उखर्डूकडे आला, डाव्या बाजूला. निंबा गोलात वाकून त्याच्या मानेकडे बघत होता. मान खाली गेली की उडी मारायची, हे त्याला पाठ होतं. मान खाली गेलीच नाही. निंबा उभ्याचा उभा राहिला आणि चेंडू त्याच्या हाताजवळून गेला.

जसोंडीच्या गाड्यांवर पागोटी उडाली. सामना संपल्यावर उखर्डू गर्दीतून बाहेर आला आणि सगळ्यांसमोर दिगंबरच्या पायांवर वाकला. त्यानं तसं करायला नको होतं. दिगंबरनं त्याला उठवलं, पाठीवर हात ठेवला आणि जा म्हणाला.

निंबा गोलातच बसून होता. "मास्तर, त्यानं मान घातलीच नाही. कोणी सांगितलं असेल त्याला?"

"मी."

निंबानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "केव्हा?"

"काल."

"मग मले तरी सांगायचं," निंबा म्हणाला. तो उठला आणि बांबू उपटायला लागला.

शेठनी प्याला जसोंडीच्या पाटलाला दिला. हसत दिला. मग त्यांनी दिगंबरला बोटानं जवळ बोलावलं.

"मास्तर, तो तुमचाच लडका ना?"

"होता. आखाजीपर्यंत."

"तारीख कोणी मागितली होती?"

"मी."

"अन् जो जिथं कामाला तो तिथून, हे?"

"तेही मीच."

"अच्छा." शेठनी उपरण्यानं तोंड पुसलं. त्यांना राग आलेला नव्हता, निदान दिसत तरी नव्हता. काट्यावरच्या कापसात ओल आहे का बघताना ते जसे बघत, तसे ते दिगंबरकडे बघत होते. "म्हणजे दोन्हीकडून तुम्हीच खेळले. अन् मी कोणाला पोसतो, हेच मला समजेना. बघू."

सोमवारी पहाटे शेठ खंडव्याला नातलगाच्या लग्नाला गेले. दिगंबर मुनीमजींकडे गेला.

"शेठ काही बोलले नाहीत," मुनीमजी म्हणाले. "बोलले नाहीत म्हणजे नाही, असं नाही. हो, असंही नाही. तुम्ही बसा, चहा घ्या."

"परत कधी येणार?"

"लग्नाचं काय सांगता येतं मास्तर? आंबे चांगले असले तर राहतील."

मागच्या खोलीबद्दल दिगंबरनं विचारलं नाही. मंगळवारी जिनातले शेवटचे हमाल हिशेब घेऊन गेले आणि काट्याला तेल लावून गोणपाट गुंडाळण्यात आलं. बुधवारी संध्याकाळी तो सवयीनं फोपनारला गेला. निंबा आला होता, कौतिक आला होता, आणि दोघे नवे सालदारही आले होते, त्यांना येऊ नका असं कोणी सांगितलं नव्हतं म्हणून. दिगंबरनं त्यांना चेंडू पायाखाली धरायला शिकवलं. असीरगडवाल्याच्या पायात काहीतरी होतं. तो चेंडूकडे न बघताही त्याला सापडायचा. आणखी एक वर्ष, असं दिगंबरच्या मनात आलं. अंधार पडायच्या आधी तो परत फिरला.

गुरुवारी दुपारी त्यानं धुतलेला सदरा घातला आणि तो लालबागच्या स्टेशनवर गेला. आधी पुन्हा मुनीमजींकडे जाऊन आला होता. खंडव्याहून काही निरोप नव्हता. फलाटावर कडुनिंबाखाली एक हमाल बसला होता. त्यानं दिगंबरला रेल्वेच्या दिवसांपासून ओळखत असल्यासारखा नमस्कार केला, पण दिगंबरचं नाव त्याला आठवलेलं दिसलं नाही.

"सामान चढवायचंय का उतरवायचंय, बाबूजी?"

"अजून ठरलं नाही," दिगंबर म्हणाला.

हमालानं मान डोलावली आणि बिडी पेटवली. गाडीला उशीर होता. दिगंबर फलाटाच्या ज्या टोकाला तिसऱ्या वर्गाचे डबे येतात तिथे जाऊन उभा राहिला, तिथून ऑफिसच्या दारापर्यंत गेला, पुन्हा टोकाला आला.

पावणेचार वाजता स्टेशनमास्तर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं की गाडी रावेरहून सुटली आहे.